आढळत नाही

कुंडवलीच्या खाजणात उतरायचं असलं की हर्षला घरत सकाळी काही खात नसे. अकरा वर्षं ती त्या खाडीकाठच्या जमिनीची माती तपासत होती, तरी त्या वासापुढे तिचं पोट हार खाई. सडकी अंडी, गंजलेला पत्रा आणि आंबून बुरसटलेली पेज एकाच टोपात उकळली तर जसा सुटेल तसा तो वास. कपड्यांत बसे, केसांत बसे, आणि दुपारी भाताच्या पहिल्या घासाबरोबर घशाशी येई. भाजीच्या वाफ्यांमधले चर विटकरी पाण्याने भरलेले असत. पाण्यावर तेलकट तवंग, काठाला शेंबडासारखा चिकट लाल थर. त्यात पाय बुडवताना ती श्वास रोखून धरी.

त्या मंगळवारी मात्र ती बांधावरच थबकली. सगळे चर जांभळे झाले होते.

फिकट नव्हे, कुठे कुठे नव्हे. पंपघरापासून थेट बाहेरकाठ्यापर्यंत, म्हणजे खाडीचं पाणी अडवणाऱ्या मोठ्या बांधापर्यंत, जेवढे म्हणून चर होते तेवढे सगळे पिकल्या जांभळाच्या सालीसारखे काळपट जांभळे.

हे तिच्याच हातून झालं होतं. ती नोकरी करत होती त्या मृदा केंद्रात दोन वर्षांपूर्वी एक नवी पाणवनस्पती तयार झाली होती. भातशेतकरी जी अझोला खाचरात सोडतात, तिचीच ही खाऱ्या-आंबट पाण्यात तगणारी बहीण. अझोलाच्या पानात एक बारीकशी पोकळी असते आणि त्या पोकळीत एक जिवाणू घर करून राहतो. केंद्रातल्या लोकांनी या भाडेकरूला नवीन काम शिकवलं. पाण्यात विरघळलेला नायट्रस ऑक्साइड त्याला लागला की तो पानाला इशारा देई, आणि पान जांभळं होई. जितका वायू जास्त तितका रंग गडद. खत वाया कुठे जातं हे भातशेतकऱ्याला नुसत्या डोळ्यांनी कळावं, एवढाच त्यामागचा हेतू. लोक तिला जांभुळी म्हणू लागले. एका प्रात्यक्षिकातून उरलेली तिची बादलीभर रोपं फेकवेनात म्हणून हर्षलाने दहा दिवसांपूर्वी कुंडवलीच्या चरात ओतली होती. अझोला तीन-चार दिवसांत दुप्पट होते आणि कुंडवलीचे चर एकमेकांना जोडलेले. शिवाय तिने ओतली ती वरच्या अंगाला, त्यामुळे पाण्याबरोबर ती सगळीकडे पोचली. गच्च आली नव्हती, पण जिथे होती तिथे काळी पडली होती.

भाताच्या खाचरात जांभुळीला फार तर वांग्याच्या फुलाचा रंग येई. हा रंग हर्षलाने प्रयोगशाळेतसुद्धा पाहिला नव्हता.

तिने वायू मोजायची पेटी मातीवर उपडी ठेवली, वीस मिनिटं थांबली आणि आकडा वाचला. मग जागा बदलली, पुन्हा वाचला. आकडा कुठेच खाली येईना. नवव्या वेळेला ती चराच्या काठी उकिडवी बसली आणि तिला उलटी झाली. पोटात काही नव्हतं, नुसतं पित्त पडलं.

---

कुंडवली एके काळी खाडीच होती. आत कांदळवन होतं. शेकडो वर्षं तिवराची, कांदळाची पानं, मुळं, फांद्या चिखलात पडत राहिल्या. पाण्याखाली हवा नाही, आणि हवा नाही म्हणून त्या धड कुजल्याही नाहीत. थरावर थर चढत गेले. मीठ लावून बरणीत दाबून ठेवलेल्या लोणच्यासारखी ती माती खाडीने जपली होती.

पंधरा वर्षांपूर्वी 'कोरडं खाजण' योजना आली. बाहेरकाठा उंच झाला, जमिनीखाली निचऱ्याच्या नळ्या गेल्या, सहा मोठे पंप बसले आणि बरणीचं झाकण उघडलं. मातीत हवा शिरली. जिवाणूंना शेकडो वर्षांचं जेवण एकदम वाढलं गेलं. पाल्यातलं नत्र सुटं झालं, त्यात भाजीला घातलेल्या युरियाची भर पडली, आणि त्याचा नायट्रस ऑक्साइड होऊ लागला. एरवी निसर्गात या साखळीला शेवटची एक कडी असते. काही जिवाणू हा वायूही मोडतात आणि त्याचा साधा निरुपद्रवी नायट्रोजन करून सोडतात. पण कांदळवनाच्या चिखलात गंधक असतं. त्याला हवा लागली की त्याचं आम्ल होतं. त्या आम्लात शेवटच्या कडीचे जिवाणू लुळे पडतात. मग वायू तसाच वर निघतो. त्याला ना रंग ना वास. कुंडवलीची दुर्गंधी गंधकाची आणि कुजण्याची होती, खरं विष तिच्या आडून निसटत होतं. हवा तापवायच्या कामी त्याचा एक किलो म्हणजे धुरातल्या कार्बन डायऑक्साइडचे पावणेतीनशे किलो. वर गेला की शंभर वर्षं हलत नाही.

त्या काळी जगातल्या प्रत्येक देशाला आपल्या जमिनीतून काय काय हवेत जातं त्याचा अहवाल द्यावा लागे. त्यात एक रकाना होता, निचरा केलेल्या सेंद्रिय, म्हणजे अर्धवट कुजलेल्या पाल्याच्या, जमिनींचा. अशी जमीन ज्याच्याकडे निघेल त्याने ती पाच वर्षांत पुन्हा पाण्याखाली घ्यायची, असा करार. आपल्या देशाच्या अहवालात त्या रकान्यात दर वर्षी दोनच शब्द असत : आढळत नाही.

हे दोन शब्द हर्षलाच्या मातीच्या नमुन्यांवर उभे होते. कुंडवलीतल्या चोवीस खुंट्यांपाशी ती दर वर्षी माती काढी. सेंद्रिय म्हणवून घ्यायला मातीत निदान बारा टक्के कार्बन लागतो. तिचे नमुने कधी नवाच्या वर गेले नव्हते. या नमुना खाजणाच्या दाखल्यावर आणखी बत्तीस खाड्या कोरड्या करायचं घाटत होतं.

मंगळवारी दुपारी तिने पहिल्यांदाच खुंटी सोडून वाफ्याच्या मध्यावर पोकळ नळी मातीत दाबली. बाहेर आलेला गाभा काळाकुट्ट होता, बोटांनी दाबला की स्पंजासारखा पाणी सोडणारा. त्यात तिवराचं एक अख्खं पान होतं, शिरांसकट. हातातल्या वाचक यंत्राने आकडा दाखवला : एकतीस.

---

हर्षला भावाच्या घरी राहत असे. दामोदर घरत, गावाचा दामूदादा, पंपघराचा मुख्य चालक होता. बापाबरोबर होडीवर गेलेला, जाळ्याने बोटं कापून घेतलेला हा माणूस आता सहा पंपांचा धनी होता. गाव त्याला विचारल्याशिवाय वाफ्याला पाणी देत नसे.

तिने जेवताना त्याच्यापुढे नकाशा ठेवला.

"दादा, या माझ्या चोवीस खुंट्या. तुला यात काही दिसतं का?"

दामूदादाने घास गिळत नकाशाकडे पाहिलं. "दिसायचं काय त्यात? ही तर जुन्या बांधांची रेघ. आजोबांच्या वेळचे मातीचे बांध होते ते. सपाटीकरणात मोडले. वरच्या डोंगराची चिकणमाती वाहून आणून घातली होती त्यात."

शेवंतीवहिनी आमटी वाढायला आली होती. नणंदेचा चेहरा पाहून ती पळीसकट थांबली.

"म्हणजे अकरा वर्षं मी डोंगराची माती तपासतेय," हर्षला म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. दामूदादाने शांतपणे ऐकलं आणि ताट बाजूला सारलं.

"रंग दिसला म्हणून काय झालं? माती काय काल सुरू झाली वायू सोडायला? भाजी येते ना?"

"माती कुजून हवेत चाललीय, दादा. जमीन खाली बसतेय. हे घर खडकावर आहे म्हणून जागेवर राहिलं. दाराला एक पायरी होती, आता चार झाल्या. बाहेर खाडीचं पाणी कुठवर आहे आणि आत आपण कुठे आहोत ते बघ एकदा."

"म्हणून पंप आहेत. अजून दोन बसवतील."

"आणि जमीन अजून बसेल."

"तुझं म्हणणं काय, पंप बंद करू? एकशेवीस घरं आहेत. या वयात मी परत जाळं खांद्यावर टाकू? खाडीत मासा तरी राहिलाय का?" त्याने हात धुतले. "तुझं शिक्षण झालं ते याच भाजीवर नाही झालं, मान्य. पण आई दवाखान्यात होती तेव्हा या भाजीवरच तिचे दिवस निघाले. एवढं लक्षात ठेव आणि मग लिही काय ते."

---

डॉ. विश्राम केळुसकर दुसऱ्याच दिवशी आले. हर्षलाच्या आयुष्यात वडिलांच्या खालोखाल मान होता तो त्यांना. बारावी झालेल्या मुलीला त्यांनी केंद्रात घेतलं, माती बोटांत चोळून ओळखायला शिकवलं, पुढे शिकायला लावलं. देशाच्या अहवालातला मातीचा भाग तेच लिहीत. माणूस विलक्षण टापटिपीचा. बांधाच्या खाली ते कधी उतरत नसत. पांढरे बूट, हातात घडी घातलेला रुमाल, आणि त्या रुमालाला कापराचा वास.

जांभळ्या चरांकडे ते बराच वेळ पाहत राहिले.

"फोटो कुणाला पाठवलेस?"

"कुणालाच नाही, सर. आधी तुम्हाला सांगितलं."

"शहाणी आहेस."

"सर, खुंट्या जुन्या बांधांवर आहेत." तिला वाटलं होतं, ते दचकतील. "एकही खुंटी खऱ्या खाजणात नाही. वाफ्याच्या मधोमध एकतीस टक्के निघाले. पहिल्या वर्षी तुम्ही बोट दाखवलंत तिथे मी खुंट्या ठोकल्या. तुमच्याकडे जुना नकाशा नसेल तेव्हा. चूक झाली असेल."

केळुसकरांनी तिच्याकडे वळून पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत खरंच आश्चर्य होतं.

"तुला आता कळतंय? मला वाटलं, तुला केव्हाच कळलं असेल. एवढी हुशार मुलगी. मला वाटायचं, कळलंय आणि समजून गप्प आहे."

हर्षलाच्या तोंडात लाळ जमली. ती थुंकावी की गिळावी हे तिला कळेना.

"हे बघ," ते मायेने म्हणाले, "शास्त्रात व्याख्या असते. व्याख्येत जे बसत नाही ते अहवालापुरतं नसतं. यात खोटं काही नाही. त्या खुंट्यांपाशी नऊ टक्केच आहेत ना? मग? उद्या हा रकाना भरला तर इथे पाणी सोडावं लागेल. तुझ्या भावाला उठवायचंय का तुला? या बायांना? पुढच्या बुधवारी परदेशी तपासणी पथक येतंय. आधीच ठरलेलं आहे. ते खुंट्यांपाशी माती काढतील, चहा घेतील, जातील. मात्र हा रंग त्यांच्या दृष्टीला पडता कामा नये. मोरचूद फवार. दोन दिवसांत मरेल सगळी."

"मोरचुदाने चरातलं सगळंच मरेल, सर."

"आहे काय त्यात मरायला?" ते म्हणाले आणि रुमाल नाकाशी नेऊन गाडीकडे चालू लागले.

---

हर्षलाने मोरचूद फवारला. हे तिने पुढे कुणापासून लपवलं नाही, आणि स्वतःला त्याची माफीही दिली नाही. तिने मनाशी सांगितलं की हे दादासाठी आहे, वहिनीसाठी आहे. पाठीवर फवारणीचा पंप बांधून ती दोन दिवस एकेक चर फिरली. निळं पाणी जांभळ्यावर पडत गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारपासून जांभुळी तपकिरी होऊन विरघळायला लागली, आणि विरघळताना कुजक्या कोबीसारखी घाण मारू लागली. तिच्याबरोबर जे काही त्या आंबट पाण्यात अजून चिवटपणे जगत होतं ते वर आलं. बोटभर मासळ्या, कोळंबीची पिल्लं, चिखलावर उड्या मारणारे निवटे, पोट वर करून. हर्षला जाळीच्या चमच्याने ते गोळा करून गोणीत भरत होती. गोणीचा तळ ओला झाला आणि त्यातून पांढुरकं पाणी तिच्या पोटरीवर ओघळलं.

पंपघराच्या बांधावर दामूदादा येऊन उभा राहिला होता. केव्हापासून, कोण जाणे.

"काय करतेस?"

"तपासणी आहे. साफ करायला सांगितलंय."

"केळुसकरांनी?"

तिने गोणीचं तोंड बांधलं.

"परवा तू खरं बोललीस तेव्हा मला राग आला तुझा," दामूदादा म्हणाला. "राग आला, पण झोपताना म्हटलं, पोरगी वाकली नाही. बापावर गेलीय. आज मला तुझी किळस येतेय."

"तुझ्यासाठी करतेय दादा हे."

"माझ्यासाठी?" त्याने गोणीकडे बोट केलं. "माझ्या नावाने हे उचलू नको. मी तुला खोटं करायला सांगितलं नव्हतं. मी भांडलो. भांडणं वेगळं."

तो गेला. हर्षला नळावर कोपरापर्यंत हात घासत राहिली. नखांच्या कडांना लागलेला निळा रंग काही जाईना. घरी गेल्यावर वहिनीने तिला ताट वाढलं, पण भाऊ पंक्तीला बसला नाही.

---

बुधवारी पथक आलं. तिघे जण. त्यांच्या प्रमुख होत्या इंडोनेशियाच्या रत्नावती, पन्नाशीच्या, बुटक्या, गुडघ्यापर्यंत बूट घातलेल्या. प्रत्येकाच्या कानात भाषांतराची गोळी होती, त्यामुळे बोलण्यात एका श्वासाचा उशीर होई. केळुसकरांनी बांधावर मांडव घातला होता. पांढरी चादर टाकलेलं टेबल, शहाळी, कुंडवलीचाच ताजा फ्लॉवर.

चर स्वच्छ दिसत होते. केळुसकर सांगत होते, "ही चिकणमातीची खाजणं. वास आहे तो गंधकाचा. सेंद्रिय जमीन हा प्रकार आमच्याकडे आढळत नाही."

खुंटी क्रमांक एकपाशी सगळे थांबले. हर्षलाने नळी खुंटीपाशी टेकवली. अकरा वर्षं हीच जागा. हाताला सवय होती, डोळे मिटूनही नळी तिथेच गेली असती. तिने नळी उचलली, आठ पावलं चालत वाफ्याच्या मध्यावर गेली आणि पूर्ण भार टाकून ती मातीत दाबली.

"हर्षला, खुंटी इकडे आहे," केळुसकर हसत म्हणाले.

नळी बाहेर येताना मातीने मोठा ओला आवाज केला. हर्षला गाभा दोन्ही हातांत घेऊन मांडवात आली आणि तिने तो पांढऱ्या चादरीवर, फ्लॉवरच्या शेजारी ठेवला. काळं पाणी चादरीत पसरत गेलं. मांडवात अशी घाण सुटली की शहाळी देणारी बाई तोंडाला पदर लावून बाहेर गेली.

रत्नावती मात्र वाकल्या. त्यांनी बोटाने गाभा उकलला आणि त्यातलं एक मूळ ओढून काढलं. मग त्या सरळ झाल्या. गोळीतून भाषांतर आलं, सपाट आवाजात : "नियमाने नोंदलेल्या खुंटीचीच माती धरता येते. ही मी धरू शकत नाही."

केळुसकरांचे खांदे सैल झाले. "तिच्या घरी सध्या जरा ताण आहे," ते रत्नावतींना म्हणाले.

"मग खुंट्यांबद्दल नोंद घ्या," हर्षला म्हणाली. "चोवीसही खुंट्या मी ठोकल्या. जुन्या बांधांच्या चिकणमातीवर. डॉ. केळुसकरांनी दाखवलेल्या जागी. अकरा वर्षांचे माझे सगळे आकडे कुचकामी आहेत. इथे गेल्या आठवड्यात वायू दाखवणारी वनस्पती जांभळी झाली होती. ती मी मोरचूद टाकून मारली. मेलेल्या मासळीची गोणी पंपघरामागे पुरली आहे. ती उकरून दाखवते."

भाषांतर पोचलं. मग रत्नावती म्हणाल्या, "खुंटी लावणाऱ्यानेच ती रद्द केली तर सगळी जमीन नव्याने मोजावी लागते. हाही नियमच आहे. पण मग दोष तुमच्या सहीवर येतो. तुम्ही काय बोलताय ते तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय," हर्षला म्हणाली. "लिहून घ्या."

केळुसकर तिच्या इतक्या जवळ आले की तिला कापराचा वास आला. "मी तुला मातीतून वर काढलं," ते हळूच म्हणाले.

---

पुढचं सगळं वर्षभरात झालं. पथकाने कुंडवली पुन्हा मोजली, मग शेजारच्या तीन खाड्या मोजल्या. अहवालातले ते दोन शब्द गेले आणि तिथे एक आकडा आला, जगाने भुवया उंचावाव्या असा. बत्तीस खाड्यांची योजना थांबली. हर्षला निलंबित झाली, कारण सही तिची होती. केळुसकरांविरुद्ध कागदावर काही नव्हतं. बोट दाखवल्याची नोंद कुठे राहत नाही. त्यांनी वर्तमानपत्रात लेख लिहिला, 'त्या वेळच्या पद्धतींच्या मर्यादा' अशा नावाचा.

गावाला टेकडीवरच्या माळावर घरं मिळाली. पाण्याच्या नळावर बाया हर्षलाचा हंडा दिसला की आपला मागे घेत. कुणी तिला शिवी दिली नाही. तिच्या सावलीतून घाण लागेल अशा बेताने नुसत्या बाजूला सरत. शेवंतीवहिनी एकटी तिच्याबरोबर नळावर येई, आणि घरी येताना तिच्याशी बोलत नसे.

पंप बंद करायला अधिकारी आले तेव्हा दामूदादाने त्यांना बटणाला हात लावू दिला नाही. सहाही पंप त्याने स्वतः बंद केले, एकेकाचं झाकण पुसून. मग बाहेरकाठ्याची उघाडी, म्हणजे पाणी अडवणारी फळी, वर उचलली गेली, आणि भरतीचं पाणी फ्लॉवरच्या वाफ्यांत शिरलं.

पाणी आलं की घाण जाईल, असं लोकांना वाटलं होतं. पहिले तीन महिने ती वाढली. बुडालेला भाजीपाला सडला, आम्ल सुटून पाणी लोखंडासारखं लाल झालं, माळावरच्या घरांत खिडक्या उघडता येईनात. माणसं जेवताना नाकाला फडकं बांधत. हर्षला रोज खाली जाऊन उसनी आणलेली पेटी पाण्याच्या काठावर ठेवी. तिला कुणी सांगितलं नव्हतं. वास वाढत होता आणि वायूचा आकडा उतरत होता. पाण्याने हवेचं दार लावलं होतं. हे ती कुणाला सांगणार? नाक धरून बसलेल्या माणसाला, तुला न दिसणारी एक गोष्ट कमी झालीय, असं सांगायला तिची जीभ उचलेना. एकदा तिने दादाला सांगितलं. तो नुसता हं म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी पेटी उचलायला तिच्याबरोबर आला.

---

दिवाळीनंतर सरकारने पुनर्जल अभियान सुरू केलं. कोरड्या केलेल्या खाड्यांत पाणी परत आणायचं, कांदळवन लावायचं, दर वर्षी मोजमाप करायचं. अध्यक्ष म्हणून नेमणूक झाली ती डॉ. विश्राम केळुसकर यांची. अनुभवी माणूस म्हणून.

ते माळावर तिच्या घरी आले. वहिनीने पाणी ठेवलं, चहा ठेवला नाही.

"तुझं निलंबन मी उठवून आणलंय," ते म्हणाले. "मोजणी तुझ्याकडेच. दुसऱ्या कुणाचा हात मातीला एवढा सरावलेला नाही. झालं गेलं आपण विसरू."

हर्षलाने त्यांच्याकडे पाहिलं. पांढरे बूट दाराबाहेर नीट जोडून ठेवलेले होते. या माणसाला नाही म्हणून दार लावून घ्यावं, आणि मग आंघोळ करावी, असं तिच्या मनात फार जोरात आलं. पण नाही म्हटलं तर मोजणी दुसऱ्या कुणाला मिळेल, आणि त्याला हे बोट दाखवतील.

"येते," ती म्हणाली. "पण जागा तुम्ही ठरवायच्या नाहीत, मीही नाही. पूर्ण खाजणाचे चौकोन पाडायचे, आकड्यांच्या चिठ्ठ्या गावासमोर काढायच्या. आणि प्रत्येक ठिकाणी पहिली नळी तुम्ही दाबायची, आत उतरून. सही तुमची."

"माझं वय बघ, हर्षला."

"बघितलं."

त्यांनी चहाची वाट पाहिली, मग उठले. सोमवारी येतो म्हणाले.

सोमवारी ओहोटीच्या वेळी माळावरची सत्तर-ऐंशी माणसं बाहेरकाठ्यावर जमली होती. कुणी सरांचा सत्कार करावा म्हणून नव्हे, ते खरंच उतरतात का ते पाहायला. तांदळाच्या डब्यात चिठ्ठ्या घातल्या होत्या. पहिली चिठ्ठी दामूदादाने काढली : एकशेसात. जुन्या पंपघराच्या उजवीकडे, चिखलाची सगळ्यात खोल जागा.

केळुसकरांनी बूट काढले, विजार गुडघ्याच्या वर दुमडली. त्यांचे पाय पांढरेफटक होते, शिरा निळ्या. पहिल्याच पावलाला ते मांडीपर्यंत गेले. चिखलातून बुडबुडे फुटले आणि तो वास उठला. त्यांनी खिशाकडे हात नेला, पण हात आधीच चिखलाने भरला होता. ते तोंड फिरवून ओकले. बांधावर कुणी हसलं नाही. हर्षला त्यांच्या शेजारी तशाच चिखलात उभी होती. तिने त्यांना सावरलं नाही आणि घाईही केली नाही.

ते सावरल्यावर तिने नळी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती दाबली, दोनदा निसटली, तिसऱ्यांदा गेली. गाभा वर आला, काळा, पाणी गाळणारा. वाचक यंत्र तिने त्यांच्यापुढे धरलं.

"मोठ्याने वाचा, सर. बांधावर ऐकू गेलं पाहिजे."

केळुसकरांनी ओठ पुसायला हात उचलला, चिखल पाहून खाली घेतला.

"चौतीस," ते म्हणाले.

"मोठ्याने."

"चौतीस टक्के."

हर्षलाने आकडा लिहिला, वही त्यांच्यापुढे केली. सही झाल्यावर तिने चिखलातून पाय उपसला.

"दादा," तिने वर हाक दिली, "पुढची चिठ्ठी काढ."